जुनी स्नायपर थ्री-नॉट-थ्री, मूळ दुर्बिणीसकट हरणाच्या शिकारीला न्यावी का?

मेपल_मावळा

नमस्कार मंडळी. मुक्काम ओंटारियो, कॅनडा. पीएएल (बंदुकीचा परवाना), शिकारीचं लायसन्स आणि हरणाचा टॅग तिन्ही आहेत, तेव्हा परवानगीचा मुद्दा बाजूला ठेवू. प्रश्न रायफलचा आहे.

ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी), म्हणजे तिची स्नायपर आवृत्ती. बीएसए कारखान्याची, सॉकेटवर त्याचा छाप एम ४७ सी आणि १९४४. डाव्या अंगाला टी आणि टीआर, बटच्या खालच्या बाजूला एस ५१. लाकडी गालपट्टी जागेवर आहे. वर नंबर ३२ मार्क ३ दुर्बीण. दुर्बीण धरणाऱ्या ब्रॅकेटचा नंबर रायफलशी जुळतो. बटच्या मनगटावर (मुठीत धरायच्या बारीक भागावर) दुर्बिणीचा जो नंबर ठोकलेला असतो तो मात्र खोडून बाजूला दुसरा मारलाय, आणि हा दुसरा दुर्बिणीशी जुळतो.

विचारायचं ते असं:

१. नोव्हेंबरात जंगलात ६० ते १५० यार्डांवर, कापलेल्या शेताच्या कडेला बसलं तर फार तर २०० यार्डांवर व्हाइटटेल हरीण दिसतं. तीन पटीची ही दुर्बीण पुरेल की नवीन बसवू?

२. १०० यार्डांवर पाच गोळ्या मारल्या तर तीन एकीकडे आणि दोन तीन-साडेतीन इंच लांब, असे दोन घोळके पडतात. नळी गेली का?

३. दुर्बिणीतलं चित्र पिवळट आहे. गारठ्यातून घरात आणली की धुरकट होते.

४. पन्नासच्या दशकातलं लष्करी सरप्लस बॉल (न फुलणाऱ्या गोळ्यांची काडतुसं) थोडं आहे. ते वापरू का, नाहीतर काय घ्यावं?

बोल्टबिल्ला

दोन घोळके पडतायत म्हणून नळीला बोल लावू नका. नळी गेली की गोळ्या चारी दिशांना पांगतात, अशा दोन घरांत वाटून राहत नाहीत. दोन ठिकाणी पडतायत याचा अर्थ काहीतरी दोन जागांवर हलतंय. (टी)वर हा आरोपी बहुतेक वेळा एकच असतो: पुढचा पॅड.

रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) डाव्या भिंतीवर दोन पॅड असतात. पुढचा तीन स्क्रूंवर, मागचा दोन स्क्रूंवर. ब्रॅकेट या दोन्हींना मोठ्या खरखरीत डोक्याच्या हातस्क्रूंनी आवळतात. दुर्बीण आणि ब्रॅकेट मिळून वजन किलोभर. बार उडाला की रायफल मागे येते आणि हे किलोभर लोखंड जागीच राहू पाहतं. तो हिसका पुढचा पॅड खातो. ऐंशी वर्षं खाल्ल्यावर स्क्रू किंचित सैल होतात. हाताला कळत नाही, टार्गेटला कळतं.

तपासणी सोपी आहे. दुर्बीण उतरवा. पॅडची कड आणि रिसीव्हर यांच्यातली फट थिनरने किंवा ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा, कोरडी होऊ द्या. टूथपिकच्या टोकाने पातळ तेलाचा एक थेंब त्या सांध्यावर फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. आता ब्रॅकेट चढवा, दुर्बिणीशिवाय, आणि रायफल मऊ जबड्याच्या शिकंज्यात धरून ब्रॅकेट अंगठ्याने वरखाली, पुढेमागे दाबा. भिंगातून सांधा बघत राहा. पॅड घट्ट असेल तर काही होणार नाही. सैल असेल तर प्रत्येक दाबाला तेलाची केसाएवढी रेघ फटीतून बाहेर येते आणि सोडलं की आत जाते.

रेघ दिसली तर स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. ते स्क्रू डोक्याला ठोसा मारून पक्के केलेले असतात. चुकीच्या पात्याने खाच फाटते आणि मग ड्रिल करायची वेळ येते. एनफिल्ड जाणणारा गनस्मिथ ते काढतो, तेलकटपणा घालवतो, पॅड पुन्हा सपाट बसतोय का बघतो, थ्रेडलॉकर लावून आवळतो आणि परत ठोसा मारतो. वेल्डिंग सुचवणारा भेटला तर रायफल उचला आणि बाहेर पडा.

खोडलेल्या नंबरची काळजी नको. दुर्बीण बदलली की आर्मररने जुना नंबर खोडून नवा मारायचा, ही लष्करातलीच रीत. ब्रॅकेट रायफलशी जुळतोय ही त्याहून मोठी गोष्ट, कारण ब्रॅकेट त्या रायफलच्या पॅडांना बसवून घेतलेला असतो. दुसऱ्या (टी)चा ब्रॅकेट चढेल, पण नेम कुठल्या कुठे जाईल.

पॅड ठीक निघाला तर लाकूड बघा. नंबर ४च्या पुढच्या लाकडाचं टोक नळीला खालून दाब देतं: २ ते ७ पौंड. मासे तोलायचा स्प्रिंगकाटा नळीच्या तोंडाजवळ दोरीने अडकवून वर ओढा. त्या वजनाच्या आसपास नळी लाकडापासून सुटली पाहिजे आणि सोडल्यावर टक्‌ करून परत टेकली पाहिजे. दाब शून्य असेल किंवा नळी एका बाजूला घासत असेल तर गरम होताना मार (गोळी पडायची जागा) सरकतो. मध्ये कुठेही लाकूड नळीला लागता कामा नये. कागदाची पट्टी सरकवून बघा. मागच्या टोकाला, जिथे लाकूड रिसीव्हरला अडतं, तिथे तेल मुरून ते मऊ झालं असेल तरी हेच होतं.

पुंगळीवाला

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी. सरप्लस शिकारीला नाही. पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी जनावरात फुलत नाही. मार्क ७च्या, म्हणजे त्या लष्करी काडतुसाच्या, गोळीच्या नाकात अ‍ॅल्युमिनियमचा किंवा तंतूचा हलका तुकडा भरलेला असतो, त्यामुळे ती शेपटीकडे जड असते आणि मांसात शिरल्यावर आडवी होते. काही जण त्यावर विसंबतात. विसंबू नये, आडवी कुठे होईल ते तिचं तिलाच माहीत. शिवाय न फुलणारी गोळी मोठ्या जनावरावर बऱ्याच प्रांतांत चालतच नाही.

दुसरं म्हणजे त्या जुन्या काडतुसांची टोपी (बुडाची ठिणगी पाडणारी कुपी) बहुधा खारट असते. पोटॅशियम क्लोरेट जळून मागे मिठासारखा क्षार राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि एका रात्रीत नळीला गंजाचे टिपके देतो. तेल त्याला काही करत नाही, तो पाण्यानेच विरघळतो. रेंजवर ती संपवायची असतील तर घरी येताच बोल्ट काढा, नळीत चेंबरच्या बाजूने फनेल आणि रबरी नळी लावून किटलीभर उकळतं पाणी सोडा. लाकडावर पाणी जाऊ देऊ नका. नळी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि आपोआप वाळते. मग कोरडी चिंधी, मग तेल. बोल्टहेडचा (बोल्टच्या पुढच्या टोकाचा) तोंडवळाही त्याच पाण्याने पुसा, ते लोक विसरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी घाला. तपकिरी निघाली तर परत पाणी.

आता घ्यायचं काय. तुमच्या दुर्बिणीच्या ड्रमवरचे (अंतर लावायच्या चाकीवरचे) यार्डांचे आकडे मार्क ७साठी आखलेत: गोळीचं वजन १७४ ग्रेन, वेग सेकंदाला २४४० फूट. बाजारातली १८० ग्रेन सॉफ्ट पॉइंट, फेडरल किंवा विंचेस्टर, २४६० फुटांची येते. म्हणजे जवळपास तीच. ३०० यार्डांच्या आत तो ड्रम तिच्यासाठी खरा बोलतो. पीपीयूची १८० ग्रेन सॉफ्ट पॉइंटही चालेल. १५० ग्रेन २७०० फुटांच्या घरात जाते, कागदावर सपाट दिसते, हरणाला पुरूनही उरते. पण ड्रमचं आणि तिचं जमत नाही आणि हलकी गोळी नळीतून लवकर सुटत असल्याने जवळच्या अंतरावर कुठे पडेल हे ती मारल्याशिवाय कळत नाही. मूळ दुर्बीण ठेवणार असाल तर १८० घ्या. एकाच लॉटची चार-पाच खोकी घ्या, झीरो करायला (नेम आणि मार जुळवायला) आणि हंगामाला तीच.

काडतुसं स्वतः भरणार असाल तर तीन गोष्टी. गोळीचा व्यास .३११ किंवा .३१२ हवा, .३०८ची गोळी नळीत सैल जाते आणि भोवऱ्यासारखी डुलते. काडतुसाची एकूण लांबी ३.०७५ इंचांवर नेऊ नका, मॅगझिनमध्ये अडेल. आणि पुंगळीचं (पितळी कवचाचं) फक्त तोंड साइझ करा, म्हणजे साच्यात दाबून मापात आणा, पूर्ण अंग नको. थ्री-नॉट-थ्रीचं हेडस्पेस (काडतूस आणि बोल्ट यांच्यातली जागा) पुंगळीच्या बुडाच्या कडेवर ठरतं, खांद्यावर नाही. लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेला असतो, कारण चिखलातलं काडतूसही आत जायला हवं. पहिल्याच बाराला पुंगळी पुढे ताणली जाते. प्रत्येक वेळी तिला पूर्ण दाबून मूळ मापाला आणाल तर ती पुन्हा ताणली जाणार, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला कडेच्या थोडं वर तुटून पुढचा अर्धा चेंबरमध्ये अडकून बसणार.

ओळखायचं कसं? पेपरक्लिप सरळ करून टोकाला दोन मिलिमीटरचा आकडा वळवा, टोक घासून धारदार करा. पुंगळीच्या आत तळापर्यंत नेऊन भिंतीला घासत हळूहळू वर ओढा. तळापासून साधारण सेंटिमीटरभर वर आकडा खोबणीत अडखळला तर ती पुंगळी फेका. बाहेरून तिथेच चकचकीत गोल रेघ दिसते, पण रेघ दिसेपर्यंत आत बरंच पातळ झालेलं असतं.

काचवाला

तिसऱ्या प्रश्नाचं बघू.

पिवळट चित्र हा भिंगं जोडणाऱ्या डिंकाचा दोष. त्या काळी दोन भिंगं कॅनडा बाल्समने चिकटवत. फर झाडाची राळ, नावातच तुमचा मुलुख. वय झालं की ती पिवळी पडते, आणि पुढे सुटायला लागली की कडेपासून आत येणारी नक्षी दिसते, गारठलेल्या काचेवरच्या हिमासारखी. दुर्बीण उतरवा, पांढऱ्या भिंतीवर टॉर्च मारा आणि मोठ्या काचेकडून तिरकं बघा. नुसता एकसारखा पिवळा रंग असेल तर चालवून घ्या, उलट ढगाळ दिवशी थोडा कॉन्ट्रास्ट मिळतो. कडेला नक्षी असेल पण मधला भाग साफ असेल तरी या हंगामाला चालेल. मधोमध ढग असेल तर भिंगं सुटी करून नव्याने चिकटवावी लागतात, आणि ते घरी ओव्हनमध्ये करायचं काम नाही. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर बुरशी. ती काच खाते, तिला लगेच साफ करून घ्या.

धुरकटपणा वेगळा. ही दुर्बीण नायट्रोजन भरून बंद केलेली नाही. सांधे ग्रीसने आणि लाखेने बंद केलेले होते, ते आता वाळले असणार. आत शिरलेली दमट हवा थंड काचेवर बसते. उपाय दोन. एक, हंगामाआधी दुर्बीण ब्रॅकेटसकट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत आठवडाभर ठेवा. १०० ग्रॅम पुरे, पण आधी ते ओव्हनमध्ये वाळवून घ्या. दोन, हंगाम चालू असताना रायफल उबदार घरात आणूच नका. कुलूपबंद थंड गॅरेजमध्ये, केसमध्ये राहू द्या. आणायचीच असेल तर केस बंद ठेवून आणा आणि दोन-तीन तास उघडू नका. बाष्प केसच्या बाहेर बसेल. बसल्या जागी काचेवर श्वास जाणार नाही हेही बघा, उणे दहामध्ये तो सरळ बर्फ होतो. ड्रमच्या खालचे किंवा भिंगांच्या कड्यांचे स्क्रू उघडून ‘जरा पुसून घेतो’ असं मात्र करू नका.

पुरेल का? पुरेल. तीन पट, पुढची काच १९ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याकडे येणारा झोत सहा मिलिमीटरच्या थोडा वर. संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली जेवढी उघडते त्याच्या जवळपास. दृष्टिक्षेत्र ९ अंश, १०० यार्डांवर पंधरा-सोळा यार्ड रुंद. दाट झाडीत उड्या मारणारं हरीण आजच्या बारा पटीच्या दुर्बिणीपेक्षा यात लवकर सापडतं. खोट आहे ती काचेत. लेप नसलेल्या प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परत फिरतो, आणि असे पृष्ठभाग आत बरेच असतात. काचेत निळसर-जांभळी झाक दिसत असेल तर लेप आहे, नशीबवान आहात. कायद्याने सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास मिळतो. त्यातली शेवटची दहा मिनिटं या दुर्बिणीची नाहीत असं धरून चाला. दुर्बिणीतल्या नेमाच्या काळ्या खुंटाचं टोक हरणाच्या काळपट अंगावर दिसेनासं झालं की उठायचं.

जंगलखाचर

माझं मत वेगळं आहे. दुर्बीण पुरेल, रायफल पुरेल, सगळं खरं. पण दुर्बिणीसकट वजन सव्वापाच किलोच्या आसपास, आणि नंबर जुळणारी (टी) आता नवीन कोणी बनवणार नाही. ओल्या बर्फात, काट्याकुट्यात, स्टँडवर चढवताना लाकूड खरचटलं, ब्रॅकेट आपटला तर गेलं. ब्रॅकेट ओतीव आहे, वाकत नाही, तडकतो.

साधी नंबर ४ घ्या, इकडे अजून सहज मिळते. मागच्या साइटच्या जागी बसणारा, भोक न पाडता लागणारा माउंट मिळतो. त्यावर आजची दोन ते सात पटीची दुर्बीण लावा आणि पावसात न्या. (टी) कोरड्या दिवसाला ठेवा. आणि (टी)वरच नवीन दुर्बीण बसवायचा विचार असेल तर कुणी कितीही सांगितलं तरी रिसीव्हरला ड्रिल लावू देऊ नका.

पावसाचं आणखी एक. रायफलच्या मार्क १मध्ये घोडा (ट्रिगर) ट्रिगर गार्डला लटकलेला असतो, रिसीव्हरला नाही. गार्ड लाकडाला धरून असतो. लाकूड ओलं होऊन फुगलं की गार्ड केसभर खाली सरकतो आणि दोन टप्प्यांच्या ओढीतला दुसरा टप्पा बदलतो. कधी पहिला टप्पाच नाहीसा होतो. मार्क २मध्ये घोडा रिसीव्हरला लटकवला तो याचसाठी. हंगामाआधी लाकडाला, आतल्या बाजूलाही, कच्च्या जवसाच्या तेलाचे हलके हात द्या, दोन हातांमध्ये दिवसभर वाळू द्या. वॉर्निश नको.

बोल्टबिल्ला

जंगलखाचर, ड्रिलच्या बाबतीत शंभर टक्के. पण कोरड्या हंगामात (टी) न्यायला हरकत नाही. (टी) म्हणून पास होताना तिच्याकडून २०० यार्डांवर सातपैकी सात गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात आणि ४०० यार्डांवर सातपैकी सहा दहा इंचांत मागितल्या जात. आजच्या हिशोबात हे काही थक्क करणारं नाही. पण हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठ इंचांची धरली तर २०० यार्डांपर्यंत रायफल तुमच्यापेक्षा सरस आहे.

मेपल_मावळा

सगळ्यांचे आभार. पॅडची चाचणी केली. मागचा कोरडा ठणठणीत. पुढच्याच्या खालच्या कडेला, मागच्या स्क्रूजवळ, ब्रॅकेट वर दाबला की तेलाची बारीक रेघ चमकते आणि सोडलं की नाहीशी. दाब स्प्रिंगकाट्यावर ४ पौंड. पॅड गनस्मिथकडे जाईल. हेडस्पेस गेजही तो लावणारच आहे.

टॉर्चने बघितलं: पिवळट एकसारखं, कडेला नखाएवढी नक्षी, मध्य साफ. काचेवर निळसर झाक आहे.

आता झीरो कसं करायचं ते सांगा. ड्रम फिरवला की खुंट मधोमध राहत नाही, एका बाजूला सरकलेला दिसतो. हे बिघडलंय का? आणि स्ट्रिपरने (पाच काडतुसांच्या पट्टीने) मॅगझिन भरता येत नाही, बरोबर ना?

बोल्टबिल्ला

बिघडलेलं नाही. आजच्या दुर्बिणीत ड्रम फिरवला तरी खुणा मध्यात दिसतात. नंबर ३२मध्ये खुंट आणि तारच प्रत्यक्ष सरकतात आणि तसं दिसतं. म्हणून खुंट जितका मध्याजवळ राहून झीरो होईल तितकं पॅड-ब्रॅकेट सरळ बसलेत. पॅड पुन्हा बसवल्यावर हे तपासाच: खुंट खूप कडेला गेल्याशिवाय झीरो होत नसेल तर पॅड तिरका बसलाय, गनस्मिथकडे परत.

हेडस्पेस: .०६४ इंचाचा गेज आत घेऊन बोल्ट बंद झाला पाहिजे, .०७४वर होता कामा नये. .०७४वर झाला तर मोठ्या नंबरचा बोल्टहेड लागतो. बोल्टहेड ० ते ३ नंबरांत येतात, एकेका नंबरात साधारण तीन हजारांश इंचाचा फरक. गेज न लावता नुसता मोठा नंबर आणून बसवू नका आणि दुसऱ्या रायफलचा बोल्ट तर अजिबातच नाही.

झीरोची पद्धत:

दुर्बीण चढवण्याआधी बोल्ट काढा. रायफल वाळूच्या पिशव्यांत पक्की बसवून नळीतून मागून बघत १०० यार्डांवरच्या टार्गेटचा मध्य नळीच्या मध्यात आणा. आता रायफल न हलवता दुर्बीण चढवा. दोन्ही हातस्क्रू आधी नुसते लागू द्या, मग पुढचा थोडा, मागचा थोडा असं आळीपाळीने बोटांनी घट्ट. आधी एकच पूर्ण आवळला तर ब्रॅकेटला पीळ बसतो आणि दर वेळी वेगळा बसतो. दुर्बिणीतून बघून खुंटाचं टोक टार्गेटवर आणा. पहिली गोळी कागदावर पडायला एवढं पुरतं.

मग बोल्ट घाला, तीन गोळ्या. मार्क ३चा एक क्लिक म्हणजे एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), १०० यार्डांवर इंचभर. खुंट प्रत्यक्ष सरकतो, तेव्हा पहिल्या क्लिकनंतर कुठल्या दिशेने गेला ते बघून घ्या, उलट फिरवण्यात लोक अर्धं खोकं संपवतात. पहिल्या पाच गोळ्यांनंतर हातस्क्रू पुन्हा तपासा, थोडे बसतातच. तीन-तीन गोळ्यांमध्ये नळी हात लावता येईल इतकी थंड होऊ द्या.

मार मध्यावर आला की ड्रमची आकड्यांची कडी सैल करून १००च्या खुणेवर आणा आणि परत घट्ट करा. मार्क १ आणि २ दुर्बिणींना यासाठी खास चावी लागायची, तुमच्या मार्क ३ला लागत नाही. त्यानंतर ड्रम २००वर नेऊन २०० यार्डांवर तीन गोळ्या मारून खातरी करा.

शिकारीला ड्रम कुठे ठेवायचा? १८० ग्रेनचा हिशोब असा: २००वर ठेवला तर १०० यार्डांवर अडीच इंच वर, २५०वर चार इंच खाली, ३००वर दहा इंच खाली. झाडीत १००वर ठेवला तर १५० यार्डांवर दीड-दोन इंच खाली, २००वर पाच इंच. शेताच्या कडेला बसणार असाल तर २००, जंगलात १००, आणि २०० यार्डांपलीकडे बार नाही. सगळ्यात जास्त हुकतं ते ड्रम केसमध्ये घासून फिरल्यामुळे. बसल्यावर पहिलं काम ड्रमचा आकडा वाचणं. निघण्याआधी त्यावर कापडी टेपची चिकटपट्टी मारलीत तर उत्तम.

स्ट्रिपर जात नाही, दुर्बीण वाटेत येते. एकेक काडतूस वरून दाबून भरायचं. प्रत्येक नव्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे आली पाहिजे. मागे राहिली तर वरचं खालच्याला अडकवतं आणि बोल्ट ऐनवेळी दगडासारखा थांबतो. दहा मावतात म्हणून दहा भरू नका, चार-पाच पुरे.

थंडीतलं: बोल्टच्या आतलं जुनं ग्रीस काढून टाका, उणे पंधरात ते मेणासारखं होतं, फायरिंग पिन मंद जाते आणि टोपीला नुसता खळगा पडतो. आत पातळ तेलाचा पुसट हात. निघण्याच्या सकाळी नळीत कोरडी चिंधी फिरवा. तेलकट नळीची पहिली गोळी दुसरीकडेच जाते, आणि हरणावर तुम्हाला बहुधा पहिलीच मिळणार.

पट्टा: त्याचा पुढचा हूक नळीवरच्या बँडला नव्हे, मॅगझिनच्या पुढच्या स्क्रूवर जी कडी असते तिला लावा. बँडला लावून ताणून बार केलात तर लाकडाच्या टोकाचा तो ४ पौंडांचा दाब बदलतो आणि मार सरकतो.

संपादक मंडळ

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: हा धागा कॅनडातल्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे. पोलिसांच्या खांद्यावर आपण ती वर्षानुवर्षं पाहिली तरी खासगी परवान्यावर मिळत नाही, आणि ऑर्डनन्स फॅक्टरीची ३१५ बोर त्याचमुळे जन्माला आली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. ‘गावी रानडुकरांसाठी चालेल का’ असे प्रतिसाद काढून टाकले आहेत.

मेपल_मावळा

एकच राहिलं. सेफ्टी डाव्या बाजूला मागे आहे, पुढे ढकलताना टक्‌ असा आवाज येतो. शांत जंगलात हरीण ऐकेल. सेफ्टी काढूनच बसू का?

जंगलखाचर

नाही. चेंबर रिकामा ठेवून जागेवर जायचं, बसल्यावर बोल्ट लावून सेफ्टी मागे. हरीण दिसलं की अंगठा लिव्हरवर आणि तर्जनी लिव्हरच्या पुढे टेकवून, दोन्हींच्या चिमटीत ती हळू पुढे न्या. आवाज शेवटच्या हिसक्याचा असतो, तर्जनी तो झेलते. घरी रिकाम्या रायफलवर पन्नास वेळा करा, हातमोजे घालून.

पुंगळीवाला

आणि हातमोज्यांत काडतुसाची कड पुढे की मागे ते कळत नाही. मॅगझिन घरून भरून न्या, गाडीत वेगळं ठेवा, जागेवर गेल्यावर लावा. त्यावर रायफलचा नंबर असेल तर तेच न्या, दुसरं कधी ओठांशी जुळतं, कधी नाही.